खापर फोडायला डोकं लागतं

"लक्ष कुठं होतं हो तुमचं?"

रस्त्यावर बसल्या बसल्या काकांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. शिवी नाही, आरडाओरडा नाही. डावं कोपर चांगलंच खरचटलं होतं. त्यावर फुंकर घालत त्यांनी मान वर केली आणि खरोखर उत्तर हवं असल्यासारखं विचारलं.

सकाळची वेळ होती, रस्ता जवळजवळ रिकामा. मी डावीकडे वळत होते, तेही इतक्या हळू की गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कुरकुरत होती. काकांची सायकल माझ्या डाव्या अंगाने सरळ चालली होती आणि वळताना ती पुढच्या काचेच्या कडेच्या जाड खांबाआड नेमकी दडली. टक् असा आवाज आला. कपाटाचं दार लागावं एवढासाच. मी उतरून धावले आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं: "मी इंडिकेटर दिला होता."

आजही ते आठवलं की कानशिलं तापतात. माणूस रस्त्यावर पडलाय आणि मी माझी बाजू मांडतेय. त्यावर त्यांनी तो प्रश्न विचारला आणि मी गप्प झाले. कारण उत्तर नव्हतंच. फोन बॅगेत होता, गाणी बंद होती, रात्री झोप चांगली झालेली होती. डोळे उघडे, दोन्ही हात स्टिअरिंगवर. तरी मी तिथं नव्हते. कुठं होते, ते मला तेव्हाही सांगता आलं नाही आणि आजही येत नाही. शेवटी म्हटलं, "चुकलं काका माझं." त्यासरशी त्यांचा चेहरा सैलावला. उठले, सायकल उभी केली, मागचं चाक हाताने फिरवून पाहिलं. ते एका बाजूला ब्रेकच्या रबराला घासत होतं. "आउट झालंय," ते म्हणाले, आणि विषय माझ्यावरून चाकावर गेला.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. पण चालकाविना धावणाऱ्या गाड्यांबद्दल काहीही वाचलं की मला हे काका आठवतात. अपघाताची जबाबदारी कुणाची, यावर वकील, अभियंते, विमावाले जाडजूड लिहितात. गाडीच्या मालकाची, बनवणाऱ्याची, आज्ञावली लिहिणाऱ्याची, की परवाना देणाऱ्या सरकारची? काकांचा प्रश्न या सगळ्याच्या आधीचा आहे. गाडीत कुणी नसेल तर तो विचारायचा कुणाला?

विचित्र गोष्ट अशी की यंत्राकडे त्या प्रश्नाचं उत्तर असतं. तेही सेकंदाच्या अंशापर्यंत.

१८ मार्च २०१८ची रात्र. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातल्या टेंपी शहरात इलेन हर्झबर्ग ही ४९ वर्षांची बाई हातात सायकल धरून रस्ता ओलांडत होती. ऊबरच्या एका चाचणी गाडीने तिला धडक दिली आणि ती गेली. स्वयंचलित गाडीच्या धडकेत पादचाऱ्याचा जीव जाण्याची ही पहिली नोंद. गाडी व्होल्वोची, तिच्यावर बसवलेली यंत्रणा ऊबरची, आणि स्टिअरिंगमागे देखरेखीसाठी एक कर्मचारी. पुढे राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशी केली तेव्हा एकेक पापुद्रा सुटत गेला. धडकेच्या ५.६ सेकंद आधीच ती बाई यंत्रणेला 'दिसली' होती. गाडीचा वेग ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास, म्हणजे हातात शंभरेक मीटर अंतर होतं. पण दिसलंय ते काय, हे यंत्रणेला ठरवता येईना. आधी वाटलं वाहन, मग 'इतर काही', मग सायकल. आणि वस्तूचं नाव बदललं की तिची आधीची वाटचाल हिशेबातून पुसली जायची. ती कुठून आली, कुठं निघालीय, सगळं पुन्हा शून्यापासून. झेब्रा क्रॉसिंग नसलेल्या जागी माणूस रस्ता ओलांडू शकतो, ही शक्यताच आज्ञावलीत धरलेली नव्हती. व्होल्वोचा स्वतःचा आपत्कालीन ब्रेक होता, पण ऊबरची यंत्रणा चालू असताना तो बंद ठेवलेला होता. आणि धोका अगदी अंगाशी आलाय हे कळल्यावरही एक सेकंद काही करायचं नाही, अशी सोय केलेली होती. खोट्या इशाऱ्यांवर गाडीने उगाच करकचून ब्रेक मारू नये, म्हणून.

'लक्ष कुठं होतं' याचा एवढा तपशीलवार जबाब कुठल्या माणसाने आजवर दिला नसेल.

आता पुढचं. कंपनीने हर्झबर्गच्या नातेवाइकांशी काही दिवसांतच तडजोड केली. वर्षभराने सरकारी वकिलांनी कळवलं की कंपनीवर फौजदारी कारवाईला आधार दिसत नाही. खटला उभा राहिला तो देखरेखीला बसवलेल्या कर्मचारी बाईवर. तिची नजर त्या वेळी फोनकडे होती आणि चौकशी मंडळानेही अपघाताचं मुख्य कारण तेच धरलं. २०२३मध्ये तिने गुन्हा कबूल केला, तीन वर्षांचं प्रोबेशन मिळालं. तिची काही चूकच नव्हती असं मी म्हणणार नाही. पण त्याच अहवालात हेही आहे की कंपनीची सुरक्षेबाबतची शिस्त ढिली होती, एकसुरी देखरेखीने माणूस गाफील होतो यावर काही उपाय केलेला नव्हता आणि राज्य सरकारचं चाचण्यांवरचं लक्षही तोकडं होतं. आधी अशा गाडीत दोन माणसं बसायची, अपघाताच्या काही महिने आधी ती एकावर आणली होती. एक सेकंद थांबायचं, हे कुणीतरी एखाद्या बैठकीत ठरवलं असेल. ब्रेक बंद ठेवायचं कुणीतरी दुसऱ्याने. यांतला प्रत्येक निर्णय त्याच्या त्याच्या टेबलावर शहाणपणाचाच वाटला असणार. एका अपराधाचे पंचवीस तुकडे करून पंचवीस जणांत वाटले की कुणाच्याच वाट्याला शिक्षेएवढा तुकडा येत नाही.

खापर फोडायला डोकं लागतं. त्या गाडीत डोकं एकच होतं.

मॅडलीन क्लेअर एलिश या मानववंशशास्त्राच्या अभ्यासक बाईंनी याला फार चपखल नाव दिलंय. गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चेपला जाईल असा बनवतात, त्याला क्रम्पल झोन म्हणतात. बेला बारेनी या मर्सिडीजच्या अभियंत्याने १९५०च्या दशकात ही कल्पना रुजवली: धडकेचा सगळा जोर बॉनेटने सोसायचा, आतला माणूस वाचला पाहिजे. एलिश म्हणतात, स्वयंचलित यंत्रणांत हे उलटं होतं. माणूस हाच क्रम्पल झोन. दोषाचा सगळा जोर त्याने सोसायचा, यंत्रणेचं आणि तिच्या मालकांचं नाव शाबूत राहिलं पाहिजे.

हे वाचलं तेव्हा मी उठून खिडकीशी गेले आणि खाली लावलेल्या माझ्या गाडीच्या बॉनेटकडे बघत राहिले. काही कल्पना अशा कळतात.

देखरेखीला बसणं म्हणजे काय असतं, हे मला माझ्या बाबांमुळे ठाऊक आहे. त्यांनी मला गाडी शिकवली. ते डावीकडे बसायचे आणि उजवा पाय पायपुसण्यावर दाबत राहायचे. तिथे ब्रेक नव्हता, पण समोर कुत्रं आलं तरी त्यांचा पाय आधी जायचा आणि माझा नंतर. घरी आल्यावर ते आरामखुर्चीत अंग टाकून म्हणायचे, "अगं, मी दिवसभर गाडी चालवली तर दमत नाही, तू अर्धा तास चालवलीस की माझे पाय दुखतात." आम्ही हसायचो. पण बाबा बोलत होते ते खरंच होतं. दुसरा काम करत असताना नुसतं बघत बसणं, आणि तो चुकेल त्याच क्षणी हात घालणं, हे स्वतः काम करण्यापेक्षा अवघड आहे.

यावर संशोधनही जुनं आहे. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्याकडे तासन् तास बघणाऱ्या माणसांच्या नजरेतून महत्त्वाच्या खुणा निसटायला लागल्या, तेव्हा नॉर्मन मॅकवर्थ या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने एक घड्याळ बनवलं. त्याचा काटा टिक् टिक् करत सारख्या उड्या घ्यायचा आणि मधूनच कधीतरी दुप्पट उडी मारायचा. तेवढं टिपायचं, बाकी काही काम नाही. पहिल्या अर्ध्या तासातच माणसांच्या हातून खुणा निसटायला लागल्या. चांगली, निवडून घेतलेली, काम मनावर घेणारी माणसं होती ती. हे निष्कर्ष १९४८ साली छापून आले. गूगलने हाच धडा २०१३च्या सुमारास पुन्हा गिरवला. आपल्याच कर्मचाऱ्यांना अर्धस्वयंचलित गाड्या दिल्या, आत कॅमेरे लावले. महामार्गावर धावत्या गाडीत कुणी मेकअप करतंय, कुणी फोनशी खेळतंय, आणि एकजण चक्क झोपलेला. कंपनीने ती वाटच सोडली. गाडी चालवायची तर पूर्ण यंत्राने, नाहीतर माणसाने, मधलं काही नको, असं ठरवून पुढे त्या प्रकल्पाची वेमो ही चालकाविना गाड्यांची कंपनी झाली.

बाकीच्यांनी मात्र मधलंच उचललं. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने स्वयंचलनाच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या केल्यात. लोकांच्या हातात आज ज्या गाड्या आहेत त्या बहुतेक दुसऱ्या पायरीवर: स्टिअरिंग, वेग, ब्रेक यंत्र सांभाळतं आणि माणसाने फक्त लक्ष ठेवायचं. म्हणजे जे माणसाला जमतं ते यंत्राला दिलं आणि जे माणसाला जन्मात जमलेलं नाही ते माणसाकडे ठेवलं.

माझ्या मावसभावाने अशी एक गाडी घेतली. हौसेने मला फिरवायला घेऊन गेला. महामार्गावर लागल्यावर त्याने बटण दाबलं, दोन्ही हात वर केले आणि म्हणाला, "बघ!" गाडी खरंच सुरेख चालत होती, माझ्यापेक्षा बरी. पुढच्याशी अंतर राखून, पट्ट्यांच्या बरोबर मधून. दर थोड्या वेळाने टिंग वाजायचं, म्हणजे 'हात लावा'. तो बोलता बोलता, न बघता, स्टिअरिंगला एक बोट लावायचा. झोपलेल्या बाळाला थोपटावं तसं. पंधरा मिनिटांनी मलाही त्या टिंगचा आवाज येईनासा झाला. मग एका ठिकाणी रस्त्याचं काम निघालं. जुने पट्टे पुसट झालेले, त्यांना छेदून नवे पिवळे मारलेले. गाडीने बहुधा क्षणभर विचार केला. डॅशबोर्डवरची स्टिअरिंगची हिरवी खूण करडी झाली आणि एक आवाज झाला, त्या टिंगपेक्षा फार वेगळा नसलेला. भाऊ ऑफिसमधला किस्सा सांगत होता. गाडी अलगद डावीकडे, प्लास्टिकच्या शंकूंच्या रांगेकडे सरकायला लागली. माझा उजवा पाय आपोआप पायपुसण्यावर दाबला गेला.

काही झालं नाही. त्याने वेळेत स्टिअरिंग पकडलं, एक शंकू आरशाला चाटून गेला. पुढे बराच वेळ दोघंही गप्प होतो. मग तो म्हणाला, "अगं, मॅन्युअलमध्ये लिहिलंय तसं. लक्ष आपणच ठेवायचं असतं." लिहिलेलं असतंच. सगळ्यात पुढे, जाड ठशात.

मायामीच्या न्यायालयात ऑगस्ट २०२५मध्ये ज्यूरीने या जाड ठशाची किंमत ठरवायचा प्रयत्न केला. २०१९मध्ये फ्लॉरिडात एक टेस्ला रस्त्याच्या टोकाशी न थांबता सरळ गेली आणि उभ्या गाडीवर आदळली. त्या गाडीजवळ उभी असलेली २२ वर्षांची तरुणी मेली, तिचा मित्र जबर जखमी झाला. ऑटोपायलट, म्हणजे टेस्लाची दुसऱ्या पायरीची यंत्रणा, चालू होतं. चालक खाली पडलेला फोन शोधत होता आणि त्याचा पाय ॲक्सिलरेटरवर होता. म्हणजे चूक कुणाची हे सांगायला खरं तर ज्यूरी कशाला हवी, असंच कुणालाही वाटेल. तरीही ज्यूरीने कंपनीला ३३ टक्के जबाबदार धरलं आणि दंडात्मक भरपाई धरून सुमारे २४ कोटी ३० लाख डॉलरचा बोजा तिच्यावर टाकला. कंपनीने निकाल मान्य केला नाही. मला त्या खटल्यातली आकड्यांपेक्षा वेगळीच गोष्ट लक्षात राहिली. त्या क्षणाची गाडीतली नोंद आपल्याकडे नाही, असं कंपनी म्हणत होती. फिर्यादींच्या तज्ज्ञाने ती त्याच गाडीच्या संगणकातून बाहेर काढली.

'लक्ष कुठं होतं' याचं उत्तर यंत्राकडे असतं, असं मी वर म्हटलं. त्यात एवढं जोडायला हवं की ते उत्तर असतं कंपनीच्या कुलपात.

मधूनच एक सांगते, विषय थोडा बाजूला जाईल. आपल्या मराठीत चालकाविना गाड्या केव्हापासूनच धावतायत. कुठलंही वर्तमानपत्र उघडा. 'भरधाव कारने तिघांना उडवले.' 'ट्रकने दुचाकीस्वारास चिरडले.' 'टेम्पो घुसला घरात.' कर्ता कोण, तर कार, ट्रक, टेम्पो. माणूस असतो तो कर्माच्या जागी, आणि चालक आलाच तर शेवटच्या ओळीत, फरार होण्यापुरता. आणि अपघात तर नुसता 'होतो'. लग्न होतं, पाऊस होतो, तसा अपघात होतो. तो कुणी 'केला' असं आपण म्हणतच नाही. खून करतात, चोरी करतात, अपघात होतो. भाषेनेच आपल्याला पळवाट आखून दिली आहे.

ही पळवाट फक्त आपलीच आहे असंही नाही. १७ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल ही बाई मोटारीखाली सापडून मेली. मोटारीने पादचारी मारल्याची ब्रिटनमधली ही पहिली घटना. गाडीचा वेग किती होता यावर साक्षीदारांचं एकमत नव्हतं. चालकाच्या म्हणण्याप्रमाणे तो चालणाऱ्या माणसाइतकाच होता. ज्यूरी सहा तास बसली आणि निकाल दिला: अपघाती मृत्यू. असं पुन्हा कधी घडू नये, अशी आशा चौकशी अधिकाऱ्याने बोलून दाखवली. आज जगभरात रस्त्यांवर वर्षाला सुमारे ११ लाख ९० हजार माणसं मरतात, हा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

म्हणूनच यंत्रांच्या बाजूचा युक्तिवाद मला हसण्यावारी नेता येत नाही. यंत्र पीत नाही, पेंगत नाही, भांडून गाडीत बसत नाही, माझ्यासारखं डोळे उघडे ठेवून भलतीकडे जात नाही. वेमोने स्विस री या विमा कंपनीबरोबर आपल्या अडीच कोटी मैलांच्या प्रवासाचा हिशेब केला, त्यात माणसांनी चालवलेल्या गाड्यांच्या तुलनेत मालमत्तेच्या नुकसानीचे दावे ८८ टक्क्यांनी आणि इजेचे दावे ९२ टक्क्यांनी कमी निघाले. हिशेबात कंपनी स्वतःच बसलेली आहे, हे विसरायचं नाही. तरी आकडा निम्मा खोटा निघाला तरी तो लहान नाही. पण या बाजूची माणसं दुसराही एक आकडा नेहमी फेकतात: ९४ टक्के अपघात माणसाच्या चुकीने होतात. तो अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या २०१५च्या एका टिपणातून आलाय आणि त्याच टिपणात स्पष्ट लिहिलंय की याचा अर्थ अपघाताचं कारण किंवा दोष असा घेऊ नये. साखळीतली शेवटची कडी कुठली, एवढंच ते टिपण सांगतं. वळणावरचा आंधळा कोपरा, खड्डा, बंद दिवा, जाडजूड खांबाची गाडी, या कड्या आधीच्या. शेवटी हातात स्टिअरिंग असलेला सापडतो, खापर त्याच्यावर.

तत्त्वज्ञानातलं ते प्रसिद्ध कोडंही इथे घेऊन येतात: ब्रेक निकामी झालाय, सरळ गेलं तर पाच मरतील, वळवलं तर एक, गाडीने काय करावं? एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाच्या 'मॉरल मशीन' या ऑनलाइन प्रयोगाने याबद्दल जगभरातून जवळजवळ चार कोटी उत्तरं गोळा केली. मला त्यात फारसा रस नाही. टेंपीतल्या गाडीला म्हातारी की मूल असा पेच पडलाच नव्हता. समोर माणूस आहे एवढंच तिला कळलं नव्हतं. जर्मन सरकारच्या नैतिकताविषयक आयोगाने २०१७मध्ये सांगून टाकलं की टाळता न येणाऱ्या अपघातात वय, लिंग वगैरे बघून जीव निवडायचा नाही. मला वाटतं, तो विषय तिथे मिटवावा.

त्यापेक्षा मला महत्त्वाची वाटते ती आपणहून डोकं पुढे करणारी मंडळी. व्होल्वोच्या प्रमुखांनी २०१५मध्येच जाहीर केलं होतं की गाडी स्वयंचलित असताना काही झालं तर जबाबदारी आमची. मर्सिडीजने जर्मनीत तिसऱ्या पायरीची गाडी आणली, सुरुवातीला फक्त महामार्गावरच्या संथ रहदारीत, ताशी ६० किलोमीटरपर्यंत. यंत्रणा चालू असताना चालकाने सिनेमा बघितला तरी चालेल, तेवढ्या वेळाची जबाबदारी कंपनीची. यंत्राला पुढचं झेपेनासं झालं तर ते दहा सेकंद आधी हाक मारतं आणि माणूस आला नाही तर स्वतः थांबतं. माझ्या भावाच्या गाडीने मारलेली हाक आणि ही हाक यांत किती फरक आहे बघा. आणि दुसरीही गोष्ट बघा: कंपनी जेव्हा स्वतःच्या डोक्यावर घेते, तेव्हा ती गाडीला एकदम सावध करते. सुरुवातीला साठच्या वर नाही. ठरलेल्या रस्त्याबाहेर नाही. जोखीम आपली असली की वेग कमी होतो, हा अनुभव घरात नवी काचेची भांडी आल्यावरही येतो.

ब्रिटनने २०२४मध्ये यावर अख्खा कायदाच केला. गाडी अधिकृतपणे 'स्वतः चालत' असेल तेव्हा आत बसलेल्या माणसावर वाहन चालवण्याच्या पद्धतीवरून खटला भरता येणार नाही. दारू पिऊन बसलात, विमा नाही, ते तुमचं तुमच्यावर. पण गाडी कशी चालली याचं उत्तर तिला अधिकृत ठरवून घेणाऱ्या संस्थेने द्यायचं. भरपाईचा मार्ग त्यांनी २०१८च्या कायद्यातच काढून ठेवलाय: विमा कंपनीने जखमी माणसाला आधी पैसे द्यायचे, मग ज्याची चूक असेल त्याच्याशी भांडून ते वसूल करायचे. हे मला फार शहाणपणाचं वाटतं. कोपर सोलवटलेल्या माणसाने आज्ञावलीतला दोष सिद्ध करत बसू नये.

इतकं सगळं नीट लावलं तरी एक गाठ सुटत नाही. २ ऑक्टोबर २०२३च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोत एका बाईला माणूस चालवत असलेल्या गाडीने उडवलं आणि ती शेजारून जाणाऱ्या क्रूझ कंपनीच्या रिकाम्या टॅक्सीपुढे जाऊन पडली. टॅक्सीने ब्रेक मारला, तरी तिला धडकलीच, आणि थांबली. इथवर कुठल्याही माणसाच्या हातून झालं असतं तेच झालं. पुढचं ऐका. अपघातानंतर गाडी रस्त्याच्या कडेला घ्यायची, असा नियम आज्ञावलीत होता. चांगला नियम. गाडीला वाटलं धडक बाजूने बसलीय. ती कडेला निघाली आणि खाली अडकलेली बाई तिच्याबरोबर वीसेक फूट फरफटत गेली.

माणूस असता तर उतरून खाली वाकला असता. निदान ओरडणं ऐकलं असतं. कंपनीने मग हेही गाड्यांना शिकवलं: ९५० गाड्यांच्या आज्ञावलीत एकदम दुरुस्ती केली. हे माणसांत होत नाही. त्या सकाळी वळणाबद्दल मी जे शिकले ते फक्त मी शिकले. माझ्या शेजारणीला, माझ्या भावाला, ते त्यांच्या त्यांच्या काकांना पाडूनच शिकावं लागेल. यंत्रांची एकाची चूक सगळ्यांची असते आणि एकाचं शहाणपणही सगळ्यांचं. याची मला थोडी असूयाच वाटते.

त्या पहिल्या गाडीचा चालक पळून गेला. आणि माणूस नसलेली टॅक्सी जागेवरच होती, सगळ्या कॅमेऱ्यांसह. पण तिच्या मालकांनीही एका परीने पळच काढला. सरकारी यंत्रणेला पाठवलेल्या अहवालात फरफटीचा उल्लेखच नव्हता. कॅलिफोर्नियाने परवाना रोखला, प्रमुखाने राजीनामा दिला, खोट्या अहवालाची कबुली देऊन कंपनीने पाच लाख डॉलर दंड भरला आणि २०२४च्या डिसेंबरात क्रूझची मालक असलेल्या जनरल मोटर्सने रोबो-टॅक्सीचा हा उद्योगच गुंडाळला. ही सगळी हकिकत वाचताना मी त्या अहवाल लिहिणाऱ्याला मनातल्या मनात भरपूर सुनावलं. सगळं डोळ्यांपुढे असताना नेमकं तेवढंच वाक्य कसं गाळलं असेल याने?

आणि मग मला माझी विम्याची फाईल आठवली.

काकांना दवाखान्यात नेलं, सायकल दुरुस्त करून दिली, ते सगळं केलं मी. पण माझ्याही बंपरचा कोपरा तडकला होता, आतला दिवा फुटला होता. चार दिवसांनी विम्याचा माणूस फॉर्म घेऊन आला. 'अपघाताचे थोडक्यात वर्णन' असा रकाना होता. मी लिहायला घेतलं, "वळताना माझं लक्ष..." त्याने हलकेच हात पुढे केला. "ताई, असं नका लिहू. 'माझी चूक' वगैरे तर अजिबातच नको. उगाच प्रश्न निघतात. मी सांगतो तसं लिहा." चांगला माणूस होता, माझ्या भल्याचंच सांगत होता. त्याने दुसरा कोरा फॉर्म दिला. मी लिहिलं. आठवड्याभरात क्लेम पास झाला.

फाईल अजून आहे, काल काढून पाहिली. 'सायकलस्वार अचानक आडवा आल्याने वाहनास धक्का लागला.' काका आडवे आले नव्हते. ते सरळ चालले होते, त्यांच्या बाजूने, त्यांच्या वेगाने. गाडीला कॅमेरा नव्हता, त्यामुळे कुठल्या चिपमधून हे कुणी कधी बाहेर काढणार नाही. सात शब्दांच्या त्या वाक्यात मी कुठेही नाही. वाहन आहे, सायकलस्वार आहे, धक्का आहे. खाली छापील ओळ, 'वरील माहिती सत्य आहे', आणि त्याखाली माझी सही. चांगली वळणदार आलीय.